तोंडी नकाराचे हत्यार

अमेरिकेत बंदूक विकत घेणे किती सोपे आहे, हे आता जगाला सांगावे लागत नाही. परंतु त्या देशात गेली काही वर्षे बंदुकीवरून जो वाद पेटलेला आहे, तो जितका बंदुकीचा आहे तितकाच बँकेचाही आहे. १४ फेब्रुवारी २०१८ रोजी फ्लोरिडा राज्यातील पार्कलँडच्या शाळेत एका तरुणाने १७ जणांचे प्राण घेतले. संसदेकडून कडक कायदा होईना, तेव्हा बँका पुढे आल्या. सिटीग्रुप या बलाढ्य बँकेने त्याच वर्षी मार्च महिन्यात आपल्या व्यापारी ग्राहकांना अटी घातल्या. खरेदीदाराची पूर्वचौकशी पूर्ण झाल्याशिवाय बंदूक विकू नका, २१ वर्षांखालील तरुणांना विकण्यावर निर्बंध पाळा आणि जास्त गोळ्यांची मॅगझिन दुकानात ठेवू नका, अशा त्या अटी होत्या. पुढच्याच महिन्यात बँक ऑफ अमेरिकेने जाहीर केले की, सामान्य नागरिकांसाठी लष्करी धाटणीच्या बंदुका बनवणाऱ्या कारखान्यांना आम्ही कर्ज देणार नाही. पेपाल या कंपनीने तर बंदूक-खरेदीचे पैसे आपल्या मार्फत फिरू देण्यास आधीच मनाई केलेली होती.

त्यानंतरचे पाऊल क्रेडिट कार्डाचे. कार्डाने पैसे भरले की दुकान कोणत्या प्रकारचे आहे हे दाखवणारा चार आकडी क्रमांक त्या व्यवहाराला चिकटतो. किराण्याचा वेगळा, औषधाच्या दुकानाचा वेगळा. बंदुकीच्या दुकानाला स्वतंत्र क्रमांक नव्हता. न्यूयॉर्कच्या अमाल्गमेटेड बँकेने तो मागितला आणि सप्टेंबर २०२२ मध्ये ५७२३ हा क्रमांक मंजूर झाला. ही बँक १९२३ साली कपडे शिवणाऱ्या कामगारांच्या संघटनेने काढलेली आहे, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. या क्रमांकावरून दुकानात काय विकत घेतले ते कळत नाही, फक्त दुकानाची जात कळते. तरीही बंदूकवाल्यांनी इतका गदारोळ केला की मार्च २०२३ मध्ये कार्ड कंपन्यांनी हे काम थांबवले. कॅलिफोर्नियाने हा क्रमांक सक्तीचा केला, तर अनेक राज्यांनी त्याला कायद्याने बंदी घातली. जून २०२५ मध्ये सिटीग्रुपने आपल्या अटी मागे घेतल्या. ७ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी आदेशच काढला की, राजकीय विचार, धर्म किंवा कायदेशीर धंदा यांच्या कारणावरून बँकांनी कोणाला दारातून परतवू नये. प्रत्येक ग्राहकाचा निर्णय त्याच्या स्वतःच्या पतीवरून आणि जोखमीवरून घ्यावा.

या भानगडीचे आम्हाला काय, असे वाशिम जिल्ह्यातील वाचक विचारतील. रिसोड, मालेगाव, मानोरा या तालुक्यांतल्या आमच्या माणसाजवळ क्रेडिट कार्ड नाही आणि बंदूक तर नाहीच नाही. प्रश्न बरोबर आहे. परंतु या वादाच्या तळाशी जो प्रश्न आहे तो आमच्या समाजाइतका दुसऱ्या कोणी भोगलेला नाही. पैसे हातात असताना, मागणी कायदेशीर असताना, समोरचा माणूस 'तुमच्याशी व्यवहार करीत नाही' असे म्हणतो. हा अधिकार त्याला कोणी दिला? आणि त्याने तो वापरला तर त्याला जाब विचारायचा कोणी? अमेरिकेतील बंदूक विक्रेत्याला हा प्रश्न २०१८ साली पडला. आमच्या बापजाद्यांना तो पिढ्यानपिढ्या पडलेला आहे. आमच्याकडे त्याचे नाव बहिष्कार आहे.

मुंबई सरकारने १९२८ साली अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी स्टार्ट समिती नेमली. बाबासाहेब त्या समितीचे सदस्य होते. १९३० साली आलेल्या तिच्या अहवालात बहिष्कार कसा चालतो याचे वर्णन आहे. जमीन काढून घेतली जाते, मजुरी बंद होते, नेहमीची वाट अडवली जाते आणि गावचा वाणी जीवनावश्यक वस्तू विकणे बंद करतो. या शेवटच्या गोष्टीकडे लक्ष द्यावे. वाण्याने लाठी उगारलेली नाही, शिवी दिलेली नाही. त्याने फक्त 'नाही' म्हटले. उघड मारहाणीपेक्षा हे हत्यार अधिक भयंकर आहे, हे बाबासाहेबांनी ओळखले होते. म्हणूनच गोलमेज परिषदेपुढे अस्पृश्यांच्या संरक्षणाची योजना मांडताना त्यांनी बहिष्कार हा गुन्हा ठरवा अशी मागणी केली. त्यासाठी १९२२ च्या ब्रह्मदेशातील बहिष्कारविरोधी कायद्याचा नमुनाही त्यांनी पुढे ठेवला. पुढे १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी हीच मागणी पुन्हा केली. ती देशाच्या कायद्यात नीट उतरायला २०१५ साल उजाडले. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात त्या वर्षी झालेल्या आणि २६ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीत आर्थिक बहिष्काराची व्याख्या आली आणि तो शिक्षेस पात्र गुन्हा ठरला. व्यवहार करण्यास नकार देणे, सेवा नाकारणे हे त्या व्याख्येत आहे.

आता बंदुकीकडे परत येऊ. आपल्या देशात बंदूक कोणाला मिळावी हे बँक ठरवीत नाही, कायदा ठरवतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना लागतो आणि जिल्ह्यात तो देणारा अधिकारी म्हणजे जिल्हाधिकारी. या कायद्याचे कलम १४ प्रत्येक आंबेडकरी कार्यकर्त्याने वाचावे असे आहे. एखाद्याजवळ पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून त्याला परवाना नाकारता येणार नाही, असे ते कलम म्हणते. परवाना नाकारला तर कारण लेखी नोंदवावे लागते. अर्जदाराने मागितल्यास त्याचा गोषवारा द्यावा लागतो. सार्वजनिक हिताला बाधा येत असेल तरच तो रोखून ठेवता येतो. नकाराविरुद्ध अपिलाची सोयही याच कायद्यात आहे.

एवढेच नाही. अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे १९९५ चे नियम उघडून पाहावेत. नियम ३ सांगतो की, अत्याचारप्रवण म्हणून ठरवलेल्या भागात अनुसूचित जाती-जमातीबाहेरील लोकांचे शस्त्र परवाने रद्द करून ती शस्त्रे सरकारी शस्त्रागारात जमा करावीत आणि आवश्यक वाटल्यास अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना त्यांच्या जीविताच्या व मालमत्तेच्या संरक्षणासाठी परवाने द्यावेत. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत जे घडले त्याच्या अकरा वर्षे आधीपासून हा नियम पुस्तकात होता. आमच्या वस्त्यांत बंदुका याव्यात असे आम्ही म्हणत नाही. बुद्धाच्या वाटेने जाणाऱ्या समाजाला बंदुकीचे आकर्षण असण्याचे कारण नाही. सांगायचे आहे ते वेगळेच. बंदुकीसारखी जीवघेणी वस्तू मागणाऱ्याला सुद्धा या देशाच्या कायद्याने लेखी कारणाचा हक्क दिलेला आहे आणि गरिबी हे नकाराचे कारण होऊ शकत नाही असे बजावलेले आहे. मग शिलाई मशीन, शेळ्या, पिठाची गिरणी किंवा मालवाहू रिक्षा घेण्यासाठी कर्ज मागणाऱ्याला काय मिळते?

त्याला मिळतो तोंडी नकार. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी १९७८ साली महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ स्थापन झाले. त्याच्या बीज भांडवल योजनेत महामंडळाचा वाटा २० टक्के, अर्जदाराचा ५ टक्के आणि उरलेले ७५ टक्के बँकेचे. म्हणजे महामंडळाने अर्ज मंजूर केला, निवड समितीने नाव घातले, तरी तीन चतुर्थांश चावी बँकेच्या हातात. बँकेने कर्ज मंजूर केले तरच महामंडळाचा पैसा सुटतो. आमच्या तरुणाची फाईल बँकेत जाते आणि तिथे तिचा मुक्काम पडतो. साहेब मीटिंगला गेले आहेत. पुढच्या सोमवारी या. तुमचे गाव आमच्या शाखेला दत्तक नाही. यंदाचे टार्गेट संपले. महामंडळाच्या फाईली आम्ही घेत नाही. जामीनदार आणा, तोही नोकरीवाला आणा. वडिलांच्या नावावर सात-बारा आहे का? यातले एकही वाक्य कागदावर उमटत नाही. दहा चकरा झाल्या की तरुण स्वतःच जाणे बंद करतो. बँकेच्या दप्तरी मग काही घडलेलेच नसते. ना अर्ज आला, ना नकार दिला. जे घडलेच नाही त्याविरुद्ध अपील कुठे करणार?

बँकेच्या बाजूनेही बोलले पाहिजे. बँकेत पैसा असतो तो ठेवीदारांचा. अनुदानाच्या योजनांत दलालांनी कागदोपत्री शेळ्या दाखवून अनुदान खाल्ले आणि थकबाकी मात्र बँकेच्या माथी मारली, हे प्रकार घडलेले आहेत. त्या दलालांत आपलेही लोक होते. प्रत्येक अर्जदाराला कर्ज दिलेच पाहिजे असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. नकार देण्याचा हक्क बँकेला आहे. परंतु एका माणसाची कागदपत्रे तपासून त्याला नाही म्हणणे वेगळे आणि एका योजनेला, एका वस्तीला, एका आडनावाला फाईल न उघडताच नाही म्हणणे वेगळे. पहिली सावकारीतली सावधगिरी आहे. दुसरा बहिष्कार आहे. बँकेचा प्रत्येक तोंडी नकार अत्याचार कायद्याच्या कलमात बसेल असे आमचे म्हणणे नाही. परंतु दोन्हींची चाल एकच आहे. जबाबदारी कोणावर येऊ नये अशा रीतीने दार बंद करायचे.

या दोन नकारांतला फरक रिझर्व्ह बँकेला ठाऊक नाही असे नाही. ज्या बँकेची शिफारस हिल्टन यंग कमिशनने केली आणि ज्या कमिशनपुढे बाबासाहेबांनी साक्ष दिली, ती ही बँक. तिने २००३ साली कर्जदात्यांसाठी उचित व्यवहार संहिता आणली. कर्जाच्या अर्जाची पोच दिली पाहिजे आणि दोन लाखांपर्यंतचा अर्ज नाकारला तर मुख्य कारण लेखी कळवले पाहिजे, असे तिच्यात आहे. २००७ साली लेखी कारणाचा हा नियम सर्व कर्जांना लागू झाला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे अनुसूचित जाती-जमातींच्या कर्जासंबंधीचे रिझर्व्ह बँकेचे स्वतंत्र परिपत्रक आहे. या वर्गातील अर्जदाराचा अर्ज शाखेच्या पातळीवर नाकारू नये, तो नाकारायचाच असेल तर वरच्या पातळीवर नाकारावा आणि कारण स्पष्ट लिहावे, असे ते म्हणते. फॉर्म भरायला बँकेच्या कर्मचाऱ्यांनी मदत करावी असेही त्यात आहे. याचा अर्थ, कारंजा किंवा मंगरूळपीरच्या शाखेत बसलेल्या मॅनेजरला आमच्या तरुणाला परस्पर 'नाही' म्हणण्याचा अधिकारच नाही. तो रोज वापरतो तो अधिकार त्याचा नव्हेच. म्हणून तर तो लिहून देत नाही!

वर्षअखेरीस उद्दिष्टाचे काय होते, असा प्रश्न कोणाला पडेल. बँकांनी ४० टक्के कर्ज अग्रक्रम क्षेत्राला आणि १२ टक्के दुर्बल घटकांना द्यावे असे बंधन आहे. परंतु २०१६ पासून एक नवी पळवाट निघालेली आहे. ज्या बँकेने उद्दिष्टापेक्षा जास्त कर्ज दिले तिच्याकडून दुसरी बँक प्रमाणपत्र विकत घेऊन आपला आकडा पुरा करू शकते. कर्ज दिलेले असते भलत्याच ठिकाणी भलत्याच बँकेने. वाशिमच्या शाखेने कोणालाही परतवले तरी मुंबईच्या कचेरीतला हिशेब चोख राहतो. २०१६ सालीच स्टँडअप इंडिया योजना आली. प्रत्येक शाखेने अनुसूचित जाती किंवा जमातीतील किमान एकाला आणि किमान एका महिलेला १० लाख ते १ कोटी रुपयांचे कर्ज नव्या उद्योगासाठी द्यावे अशी ती योजना. शाखेमागे एक! २०२५ पर्यंत ही योजना राबवली गेली. आपल्या गावच्या शाखेने त्या नऊ वर्षांत हा एक माणूस कोण शोधला, हे प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी विचारून पाहावे.

वाशिम हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला जिल्हा. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी शेतकरी आत्महत्यांच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले, त्यात वाशिम होता. २०१८ साली केंद्राने आकांक्षित जिल्ह्यांची यादी काढली, तीतही महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांत वाशिम होता. पॅकेज आले, व्याजमाफी आली, २००८, २०१७ आणि २०१९ साली कर्जमाफी आली. शेतकऱ्याला ती मिळाली याचे दुःख नाही, मिळालीच पाहिजे. परंतु माफी मिळते ती ज्याला बँकेने आधी कर्ज दिले त्याला. ज्या भूमिहीनाला बँकेने दारातूनच परतवले, त्याच्या नावे माफ करायला काहीच नसते. त्याचे कर्ज सावकाराच्या वहीत असते आणि ती वही कोणत्याही पॅकेजात येत नाही. सोयाबीन-तुरीच्या हंगामात दुसऱ्याच्या शेतावर राबणारा आणि हंगाम संपला की कामासाठी परगावी जाणारा माणूस दोनदा नाकारला जातो. एकदा कर्जाच्या वेळी आणि दुसऱ्यांदा माफीच्या वेळी.

बलवानांना नकार मिळाला की काय होते, हेही पाहावे. ६ एप्रिल २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने आभासी चलनाच्या धंद्याला बँकसेवा देऊ नका असे सर्व बँकांना सांगितले. ते व्यापारी सर्वोच्च न्यायालयात गेले. बँकेचे दार बंद झाले की कायदेशीर धंद्याचा श्वासच बंद होतो, हे न्यायालयाला पटले आणि ४ मार्च २०२० रोजी ते परिपत्रक रद्द झाले. अमेरिकेतील बंदूकवाल्यांसाठी राष्ट्राध्यक्षाने सही केली. तेथील काळ्या बांधवांना मात्र झगडावे लागले. १९३० च्या दशकात त्यांच्या वस्त्या सरकारी नकाशावर लाल रंगाने रंगवून कर्जासाठी धोक्याच्या ठरवल्या गेल्या. पुढे त्यांच्या लढ्यातून कायदे झाले. १९७४ चा समान पतसंधीचा कायदा १९७६ साली दुरुस्त झाला, वंशावरून कर्ज नाकारण्यास मनाई झाली आणि अर्जाचा निर्णय ३० दिवसांत कळवणे व नकाराचे कारण सांगणे बंधनकारक झाले. कागदावर आलेले कारण कोर्टात नेता येते, हे त्यांनी ओळखले होते.

बंदुकीच्या बाबतीत आमचे मत आम्ही स्पष्ट सांगतो. शाळकरी मुलांचे बळी घेणाऱ्या बंदुकांवर बंधन हवेच. परंतु ते लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहाने घालावे. ते काम बँकेवर सोपवले तर आज बंदूकवाल्याला मिळालेला नकार उद्या संपावर गेलेल्या कामगारांच्या संघटनेला मिळेल, परवा मोर्चा काढणाऱ्यांना मिळेल. सिटीग्रुपच्या अटी निदान जाहीर होत्या, छापील होत्या आणि त्या पाळल्या की व्यवहार होत होता. आमच्या नकाराला अटही नाही आणि कागदही नाही.

म्हणून करायचे काय? सभेत बँकेचा निषेध करून घरी जाणे पुरेसे नाही. पहिले म्हणजे अर्ज लेखीच द्यावा आणि पोच घेतल्याशिवाय बँकेतून उठू नये. पोच देत नसतील तर अर्ज स्पीड पोस्टाने पाठवावा. दुसरे, नकार मिळाला की कारण लेखी मागावे आणि तो वरच्या पातळीवर झाला आहे काय हे विचारावे. तिसरे, सरकारी मालकीच्या बँकांना २००५ चा माहिती अधिकार कायदा लागू आहे. दहा रुपयांच्या शुल्कात आपल्या अर्जाचे काय झाले हे विचारता येते. आपल्या शाखेत महामंडळाच्या किती फाईली आल्या, किती मंजूर झाल्या, किती कोणत्या कारणाने परत गेल्या, हेही विचारता येते. रिझर्व्ह बँकेचा लोकपाल कर्ज द्यावे की न द्यावे या व्यावसायिक निर्णयात पडत नाही. परंतु कारण न कळवणे हा व्यावसायिक निर्णय नव्हे, तो नियमभंग आहे आणि त्याची तक्रार करता येते. हे सगळे एकट्या तरुणाला झेपणार नाही. गावोगावच्या मंडळांनी आणि विहारांतल्या शिकलेल्या मुलांनी अर्ज लिहून देण्याचे काम अंगावर घ्यावे.

आणि शेवटचा प्रश्न जिल्हाधिकाऱ्यांना. शस्त्र परवान्याच्या फाईलवर नकाराचे कारण लिहिणारे हात जिल्हाधिकाऱ्यांचे. अत्याचार कायद्याखालील जिल्हा दक्षता समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. जिल्ह्यातील बँकांना दर तिमाहीला बोलावून आढावा घेणाऱ्या समितीचेही अध्यक्ष जिल्हाधिकारीच. एकाच खुर्चीत हे तीन अधिकार बसलेले आहेत. मग तिमाही बैठकीत मंजूर कर्जांच्या आकड्यांबरोबर नाकारलेल्या अर्जांची शाखावार यादी, प्रत्येकापुढे लिहिलेल्या कारणासह, टेबलावर का येऊ नये? त्यासाठी नवा कायदा लागत नाही, पॅकेज लागत नाही. बंदूक मागणाऱ्याला जे एक पान लिहून दिले जाते, तेवढेच एक पान शिलाई मशीन मागणाऱ्या बाईला द्यावे, एवढीच ही मागणी आहे. ती येत्या बैठकीच्या आधी निवेदन देऊन वाशिमच्या कचेरीत नोंदवावी आणि त्या निवेदनाचीही पोच घ्यावी.